जगलेल्या लेकराचे अंगडे : हरवलेल्या नमुन्याची चौकशी थांबविण्याविषयी

(बंद लखोटा. साहेबांनी स्वतःच्या हाताने फोडावा. उर्दू तर्जुम्यासाठी देऊ नये.)

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
घरगुती हुन्नर दफ्तर,
मुक्काम परभणी

विषय : नमुना म्हणून दाखल केलेले तान्ह्या मुलाचे अंगडे दफ्तरातून गहाळ झाले, त्याबद्दल लिंबाजी चपराशी याच्यावर सुरू असलेली चौकशी बंद होणेबाबत.

संदर्भ : १) तान्ह्या मुलांचे कपडे शिवून विकण्याच्या धंद्यास मंजुरी मिळावी म्हणून अर्जदाराने केलेला अर्ज व त्यासोबतची बाजाराची पाहणी.
२) नमुना परत मिळावा म्हणून अर्जदाराने पुढे केलेले दोन अर्ज व त्यांस आलेली उत्तरे.
३) लिंबाजी यास नोकरीवरून दूर का करू नये, अशी आपल्या दफ्तराची नोटीस. तिची नक्कल अर्जदारास टपालाने मिळाली.

महोदय,

१. अर्जदार दैवशाला, सेलू येथील शिक्षक माणिकराव गरुड यांची पत्नी. माहेर पोखर्णी. शिक्षण पुण्यास इंटरपर्यंत झालेले आहे. नेहमीच्या वाटेने अर्ज न देता पतीच्या हाती बंद लखोटा पाठविला, या आगळिकीबद्दल आधीच माफी मागते. आपल्या दफ्तरात मराठी अर्ज आला की पेशकार तो मोठ्याने वाचतात आणि वाचता वाचता उर्दूत सांगतात. त्या वेळी चपराशी दाराशी उभा असतो. हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. हा अर्ज त्या चपराशाच्या कानी गेला, तर तो करण्यात काही अर्थ उरणार नाही. साहेबांना मराठी वाचता येते, हे पहिल्या भेटीत कळले होते, म्हणून हे धाडस.

२. आपल्या दफ्तराचा नियम असा, की धंद्याची मंजुरी मागणाऱ्याने आधी त्या धंद्याची माहिती काढून द्यावी. माल आज कोण विकतो, कोण घेतो, केव्हा घेतो, आणि तुमचाच का घेईल. नियम योग्य आहे. त्याप्रमाणे अर्जदाराने सेलूचा आठवडे बाजार, परभणीचा बाजार आणि पोखर्णीस नरसिंहाच्या देवळापुढे बसणारी दुकाने पाहिली. मुलगा बन्सी तान्हा असल्याने तो बरोबरच होता. चार-सहा अंगडी-टोपरी शिवून टोपलीत घ्यायची, एखाद्या कासारणीच्या शेजारी पटकूर अंथरायचे, बन्सीला मांडीवर घ्यायचे आणि बायका काय करतात ते बघत बसायचे, अशी ती पाहणी होती.

सेलूच्या भुजंग शिंप्याने पहिल्याच दिवशी हसण्यावारी नेले. म्हणाला, “वहिनी, तान्ह्याचं माप घिऊन काय करू? म्या सुईत दोरा ववीस्तोवर लेकरू वाढतंय.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. जिल्ह्यात कोणताच शिंपी चालू न लागलेल्या मुलाचे माप घेत नाही. मुंबईहून येणारी झालरीची झबली परभणीच्या दुकानात टांगलेली असतात. बायका त्यांच्याकडे मान वर करून पाहतात आणि पुढे जातात. लढाईमुळे आता तीही येईनाशी झाली आहेत. म्हणजे माल नाही आणि विकणाराही नाही. अर्जदारास वाटले, मैदान मोकळे आहे.

तसे ते नव्हते. दिवस गेलेल्या बायका टोपलीजवळ थांबत, पण हात लावीत नसत. एकीने लावला, तर तिच्या सासूने तो मागे ओढला. “पोटातल्याला बाजार दाखवू न्हाई, चल.” जन्माआधी अंगडे कोणी घेत नाही. आई तर कधीच घेत नाही. घेते ती आईची आई, आणि तीही बाळ झाल्याचा निरोप आल्यावर, बारशाच्या घाईत, बाळंतविड्यासाठी. त्या घाईत शिवून घ्यायला वेळ नसतो. तयार माल हवा, तो याचसाठी. ही गोष्ट अर्जदाराने पाहणीत लिहिली, तेव्हा साहेबांनी तिच्याखाली लाल रेघ ओढली होती.

दुसरी गोष्ट कळायला अर्जदारास जास्त वेळ लागला. आज्या टोपलीतली नवी अंगडी उलटीपालटी करून ठेवून देत, आणि हात घालीत तो मांडीवरच्या बन्सीच्या अंगड्याला. पोखर्णीच्या एका म्हातारीने तर त्याच्या गळ्याचा काठ चिमटीत धरूनच ठेवला. “नवं कोण घालतंय अंगाला? नव्याला काय कळतंय? ह्ये दे की, ह्याच्या अंगावरचं. लय गुटगुटीत हाय गं. माज्या नातीची दोन गेली, तिसऱ्याला मागून आणलेलंच घालायचं हाय.” अर्जदाराने सांगितले, आजी, हे जुने आहे, विटलेले आहे. म्हातारी म्हणाली, “विटलंय म्हणूनच.”

असे पुढे जागोजाग झाले. अर्जदाराने पाहणीच्या शेवटी लिहिले, की आपल्या भागात तान्ह्याच्या कपड्याची किंमत कापडावर ठरत नाही. तो आधी ज्या लेकराने घातला ते जगले का, यावर ठरते. तेव्हा धंदा करायचा तर असा करावा : धडधाकट वाढलेल्या मुलांची उतरलेली अंगडी घरोघर मागून आणावी, नवे कापड रिठ्यात धुऊन धुऊन मऊ करावे आणि शिवताना गळ्याच्या पट्टीत त्या जुन्या अंगड्याचा तुकडा दुमडून घालावा. कापड नवे आणि आशीर्वाद वापरलेला. साहेबांनी हे वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, हे पुस्तकातले नाही. तुम्ही बाजारात बसलात.” अर्जदारास त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. परतीच्या गाडीत तिने सबंध वाटभर बन्सीला तेच सांगितले.

३. आता नमुन्याविषयी. नियमात लिहिले आहे, की बाजारात ज्या मालास मागणी आहे त्याचा नमुना दाखल करावा. अर्जदाराने शिवलेली अंगडी देता आली असती. पण मागणी त्यांना नव्हती, ती बन्सीच्या अंगावरच्याला होती, हे तर तिने स्वतःच शोधून काढले होते. ज्याची मागणी त्याचाच नमुना, असा सरळ हिशेब करून तिने त्याचे अंगावरचे अंगडे उतरवून धुतले, घडी केली आणि त्यास चिठ्ठी टाचली. “हे अंगडे अर्जदाराचा मुलगा बन्सीधर याने वापरलेले असून मुलगा हयात व सुदृढ आहे.” शिकलेल्या बाईला कागद पुरा केल्याचे समाधान असते, ते अर्जदारास मिळाले.

सासूबाई धुरपताबाई यांनी मोडता घातला होता. “लेकरू अजून अंगावर पितंय. पितं तवर त्याच्या अंगावरचं घराबाहेर देऊ न्हाई. थोरलं झाल्यावर दे की, कुणी न्हाई म्हनलंय?” पती हसले. अर्जदारही हसली.

मंजुरी आली. पहिली अंगडी शिवायला घेतली, तोच बन्सीचा घसा धरला. घटसर्प होता. परभणीच्या दवाखान्यात नेताना मानवत रोड स्टेशन मागे पडल्यावर त्याने पदराची मूठ सोडली. त्याच आठवड्यात तो खाटेचा काठ धरून उभा राहू लागला होता.

सासूबाईंनी त्याचे घरातले सगळे नाहीसे केले. पाळणा, दुपटी, कुंची, लाळेरी, काजळाची डबीसुद्धा. पुढच्या लेकराच्या वाटेत यातले काही येऊ नये म्हणून. त्या माउलीने ते रागाने केले नाही, रडत केले. अंगडे कचेरीत गेले म्हणून मूल गेले, असे त्या एकदाच बोलल्या, नंतर बोलल्या नाहीत. अर्जदार शिकलेली आहे, ती असे मानीत नाही. हे वाक्य अर्जात लिहिणे सोपे आहे. सांजवेळी स्वयंपाकघरात दोघींना एकमेकींकडे पाठ करून बसावे लागते, तिथे ते अवघड जाते.

त्या मुलाची एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती आपल्या दफ्तरात होती.

४. म्हणून अर्जदाराने नमुना परत मागितला. कारण “खाजगी” असे लिहिले. खरे कारण लिहिले नाही, कारण चिठ्ठीवर ‘हयात’ हा शब्द तिच्याच अक्षरात होता. दफ्तरात अर्जाचे कागद बांधून ठेवलेल्या त्याच मिसलीत, त्याच अक्षरात, दुसरा शब्द घालायला तिचा हात चालेना.

पहिले उत्तर आले, की नमुना हा मंजुरीचा पाया असल्याने मंजुरी चालू आहे तोवर परत देता येणार नाही.

अर्जदाराने पुन्हा विनंती केली. दुसरे उत्तर आले, की अर्जदाराची निकड पाहता दफ्तर एवढी सवलत देण्यास तयार आहे : सदर मुलाचे दुसरे अंगडे, अलीकडे वापरलेले, अर्जदाराने दाखल करावे, म्हणजे पहिले परत करता येईल. मूल आता वाढले असेल, तरी नवे माप सोबत लिहावे.

लिहिणाऱ्याने हे चांगल्या मनाने लिहिले होते, याबद्दल अर्जदारास शंका नाही. पतीने ते पत्र दोनदा वाचले आणि शाळेत जायची टोपी पुन्हा खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “आता तरी लिही त्यांना.” अर्जदाराने लिहिले नाही. ती स्वतः परभणीस आली.

५. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. पेशकारांनी मिसल काढली. चिठ्ठी होती. अंगडे नव्हते. पेशकार लिंबाजीला ओरडले, लिंबाजी म्हणाला, “उंदरानं नेलं आसंल जी.” पेशकार म्हणाले, उंदीर टाचणी काढून ठेवून जातो काय रे. लगेच त्यांनी जागच्या जागी रिपोर्ट लिहायला घेतला. अर्जदार बाहेर ओसरीत येऊन बसली.

थोड्या वेळाने लिंबाजीची बायको कडूबाई त्याची भाकरी घेऊन आली. कडेवर पाच-सहा महिन्यांचे मूल. तिने अर्जदारास ओळखण्याचे कारण नव्हते. अर्जदाराने मात्र अंगडे ओळखले. गळ्याला मासोळी टाका होता, आणि लाल दोरा संपल्यामुळे खांद्यापासून पुढे तो निळ्या दोऱ्याने घातलेला होता.

कडूबाई बोलकी आहे. शेजारी बसता बसताच म्हणाली, “तुमी कुठल्या बाई?”

सेलूच्या, असे सांगितले. तिचा चेहरा उजळला. “अगं बया! ह्ये तिथलंच हाय की. सेलूला कुणी मास्तरीणबाई हाय, तिच्या लेकराचं. माजी तीन गेली बाई, तिन्ही बी नव्या कापडात. ह्यो झाला तवा आमच्या ह्यांनी कचेरीतून आणलं. कागद वाचताना ह्यांनी कानानं ऐकलंय की, हयात हाय, लय गुणाचं हाय म्हणून. ठिवायचं हाय परत, चोरी न्हाई. पर ह्याला काढवत न्हाई बघा. काढलं की माजंच काळीज धडधडतंय.” मग खाली मान घालून म्हणाली, “वळखता का तुमी तिला?”

अर्जदार म्हणाली, ओळखते.

“चालतंय का तिचं लेकरू?”

अर्जदार म्हणाली, चालते.

“पडतंय का लय?”

अर्जदार म्हणाली, आता नाही पडत.

कडूबाईने मुलाच्या गालावरून बोटे मोडली. “ऐकलंस का रं उकंडा? दादा चालायलाय बघ.” आणि भाकरी द्यायला उठताना तिने विचारलेसुद्धा नाही, मूल सरळ अर्जदाराच्या मांडीवर दिले. “धरा जरा बाई, आले म्या.”

साहेब, ते अंगडे अशा रीतीने अर्जदाराच्या हातात आले. ती ज्यासाठी आली होती, ते मिळाले होते. तिने तोंड खाली करून वास घेतला. वास उकंड्याचा होता. वेखंडाचा, दुसऱ्याच कुणाच्या दुधाचा. बन्सीचा नव्हता. मासोळी टाका माझा होता, म्हणजे अर्जदाराचा होता. बाकी ते आता दुसऱ्या मुलाचे अंगडे झाले होते. त्या मुलाने अर्जदाराचा पदर मुठीत धरला आणि तो सोडवून घ्यायला कडूबाईला दोन्ही हात लावावे लागले. ती हसत होती. अर्जदारही हसली असावी.

६. हे सगळे लिहून अर्जदार पुढीलप्रमाणे कळविते.

ते अंगडे तिला नको झाले आहे, असे समजू नये. आजही कोणी तिच्या दारी आणून दिले, तर ती ते घेईल आणि कोणाला देणार नाही. म्हणूनच ते कोणी आणून देऊ नये. चौकशी चालू राहिली तर लिंबाजीला ते द्यावे लागेल. मग ते परत का हवे होते, असा प्रश्न निघेल आणि त्याचे उत्तर पेशकारांच्या तोंडून, मोठ्याने, दाराशी उभ्या असलेल्या त्या बापाच्या कानी जाईल. तो घरी जाऊन बायकोला सांगेल, की आपण लेकराला जे घातले ते जगलेल्याचे नव्हते. साहेब, आपण आणि अर्जदार दोघेही जाणतो, की कापडाने मूल जगत नाही आणि कापडाने मरत नाही. पण अर्जदाराने बाजारात बसून एवढेच शिकून घेतले आहे, की कडूबाईसारखी आई काय जाणते. ती त्या दिवसापासून रात्रभर मुलाच्या नाकाशी बोट धरून बसेल. कसे बसतात ते अर्जदारास ठाऊक आहे.

लिंबाजीने सरकारी मिसलीतली वस्तू काढली, हा त्याचा अपराध आहे. अर्जदार तो नाकारीत नाही. पण आपल्या जिल्ह्यातला माणूस अशा वस्तूला हात का घालतो, ते अर्जदाराने पाहणीत पानेच्या पाने लिहून दफ्तरास कळविले होते आणि दफ्तराने ते खरे धरून मंजुरी दिली होती. लिंबाजीने त्या पाहणीवर साहेबांपेक्षाही जास्त भरवसा ठेवला, इतकेच.

तरी विनंती अशी की :

(अ) नमुना अर्जदारास परत मिळाला, अशी पावती सोबत जोडली आहे. ती मिसलीत लावून चौकशी बंद करावी. पावती खोटी आहे. तिचा दोष येईल तो अर्जदारावर यावा. एका अर्थी ती अगदीच खोटी नाही, कारण ओसरीवर ते अंगडे अर्जदाराच्या हातात खरेच आले होते. पण कायद्याच्या दृष्टीने खोटी, हे ती मान्य करते.

(आ) लिंबाजीस कामावर ठेवावे. त्यास बोलावून समज देऊ नये. समज देताना माणूस नको ते बोलून जातो.

(इ) धंद्याची मंजुरी परत करीत आहे. कारणाच्या रकान्यात “घरची अडचण” एवढेच लिहावे. गळ्याच्या पट्टीत घालायला अर्जदाराकडे आता तुकडा नाही, आणि घरोघर जाऊन दुसऱ्यांच्या मुलांची अंगडी मागण्याइतके बळ तिच्यात नाही. पाहणी मात्र दफ्तरात राहू द्यावी. ती चांगली झाली आहे. दुसरी कोणी बाई हा धंदा करू म्हणाली, तर तिला वाचायला द्यावी.

(ई) चिठ्ठी जिथे आहे तिथे असू द्यावी. तीवरील ‘हयात’ या शब्दावर काट मारू नये.

(उ) शेवटची विनंती थोडी चमत्कारिक आहे. कडूबाई भाकरी घेऊन रोज येते आणि ती विचारल्याशिवाय राहणारी नाही. आज ना उद्या ती पेशकारांना किंवा साहेबांनाही विचारील, की सेलूच्या मास्तरीणबाईंचे लेकरू कसे आहे. तेव्हा चालू लागले आहे, असे सांगावे. अर्जदाराने तिला तसेच सांगितले असल्यामुळे दोन उत्तरे दोन तऱ्हेची होता कामा नयेत. पुढे उकंडा वाढेल, तशी ती जास्त विचारील. बोलायला लागला का, दात किती आले, शाळेत घातला का. त्या वेळी दफ्तराने आपल्या मनाने काही सांगू नये. सेलूस दोन ओळी लिहून विचारावे. त्या वयाचे मूल काय काय करते, याचा अर्जदाराने नीट विचार केलेला आहे, आणि ती उत्तर देण्यास उशीर लावणार नाही.

साहेबांचा वेळ घेतला. क्षमा असावी.

आपल्या उत्तराची नव्हे, मौनाची अपेक्षा करणारी,

दैवशाला माणिकराव गरुड
मुक्काम सेलू, जिल्हा परभणी
माहे खुर्दाद, सन १३५२ फसली (इ. स. १९४३)

सोबत :
१) नमुना परत मिळाल्याची पावती, अर्जदाराच्या सहीची.
२) मंजुरीचा मूळ कागद.
३) लिंबाजी यास दिलेल्या नोटिशीची नक्कल. ही फाडून टाकली तरी चालेल.